सहाव्या मजल्यावरचा चहा

हेमांगी गेल्याचा मेसेज आला तेव्हा मला आधी संशय आला. रडू नाही, धक्का नाही, संशय. आमच्या डिप्लोमाच्या बॅचचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. त्यावर सकाळी कुणीतरी हात जोडलेली तीन चित्रं टाकून ‘आपली हेमांगी परब आज आपल्यात नाही’ असं लिहिलं होतं. मी मुलुंडच्या घरात गॅसवर पोहे परतत होते आणि विचार करत होते, की हे टाकणाऱ्याला कोणी सांगितलं आणि त्याने खात्री केली का. या ग्रुपवर मागे एका सरांना जिवंतपणी श्रद्धांजली वाहून झाली होती. शेवटी सरांनीच खाली ‘मी बरा आहे’ असं लिहिलं, तेव्हा कुठे फुलं थांबली. मग माझ्या लक्षात आलं की हे असं विचारणं मुळात माझं नाहीच, ते तिचं आहे. कोणी सांगितलं? कोणी तपासलं? हे दोन प्रश्न तिने तीस वर्षं माझ्या कानाशी इतके घोकले, की ती गेल्याची बातमीसुद्धा मी तिच्याच पद्धतीने तपासायला घेतली. पोहे खाली लागले. बातमी खरी निघाली.

हार्ट अटॅक. बोरीवलीला स्वतःच्या घरी, सकाळी, खिडकीपाशी बसलेली असताना. वय बावन्न. दुपारी नेणार होते. मी टॅक्सी केली, ती घोडबंदरच्या रस्त्याला लागली, आणि तिथल्या एका सिग्नलला मी ड्रायव्हरला म्हटलं, भाऊ, परत फिरवा. त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि गाडी वळवली. कुठल्या तोंडाने जाणार होते मी? तीन वर्षं मी हिच्याशी धड बोलले नव्हते. तीन वर्षं मी भेटेल त्याला सांगत होते, की हेमांगीने माझी चुगली केली आणि माझं अंधेरीचं काम घालवलं. हे खरं असेल तर मी तिच्या दारात का जावं, आणि खोटं असेल तर... तर मग कसं जावं?

शेवटचं भेटलो त्याला तेव्हा चार महिने झाले होते. बॅचमधल्या एकीच्या मुलीचं लग्न, मुलुंडचाच एसी हॉल, आणि आतमध्ये असला गारठा की नवरदेवाच्या आत्याने पदर कानावरून घेतला होता. हेमांगी सगळ्यांना भेटत भेटत आमच्या टेबलाशी आली आणि पर्समधून ती काडेपेटीएवढी पांढरी डबी काढून माझ्या पाण्याच्या ग्लासाशेजारी ठेवली. हवेचं तापमान टिपून ठेवणारी डबी. अशा पाच-सहा डब्या तिच्याकडे कायम असायच्या, एक तर पर्समध्ये हमखास. बाकीच्या हसल्या, काही बदलली नाहीस हो तू, म्हणाल्या. तिने आकडा पाहिला. “एकवीस,” ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, “कुडकुडतेयस. माझी शाल देऊ?” मी म्हटलं, “नको.” तिने डबी उचलली आणि पलीकडच्या टेबलाकडे गेली. मी कुडकुडत होते हे खरं होतं, शाल मला हवी होती हेही खरं होतं. पण मी ‘नको’ म्हटलं आणि आमच्या तीस वर्षांतला माझा तोच शेवटचा शब्द ठरला.

मेकॅनिकलच्या डिप्लोमाला आमच्या वर्गात सगळे मुलगे आणि मुली दोनच, ती आणि मी. त्यामुळे मैत्री करायची की नाही हा प्रश्नच नव्हता. तिचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर बोरीवलीला एका सोसायटीत वॉचमन झाले. आई कणकवलीकडची, तोंडाने फटकळ. मी घरी गेले की माझ्यासमोर लेकीची तक्रार करायची, “ह्या चेडवाक देवाचोय संशय येता गो!” पोरीला देवाचाही संशय येतो म्हणे, आणि ते खोटं नव्हतं. पहिल्या वर्षाला प्रयोगशाळेत पाणी तापवून आकडे घ्यायचे होते. सगळा वर्ग सीनियरच्या वहीतून आकडे उतरवायचा, सरांनाही ते माहीत असायचं. हेमांगीचे आकडे दर वेळी दोन अंशांनी वेगळे यायचे. तिने आधी स्वतःची मांडणी दोनदा तपासली, मग स्वतःची गणितं तपासली, आणि मग कॉलेजबाहेरच्या गोळेवाल्याकडून रुमालात बर्फ बांधून आणला आणि कॉलेजचा थर्मामीटर त्यात बुडवला. तो दोन अंश जास्त दाखवत होता. म्हणजे कितीतरी वर्षं कितीतरी मुलं बरोबर आकडे उतरवून काढत होती आणि थर्मामीटर चुकीचा होता. सर तिच्यावर खूश झाले असं कोणाला वाटेल, पण छे, सर वर्षभर तिच्यावर डूख धरून होते. मी तेव्हा तिला विचारलं होतं, थर्मामीटरवर संशय होता तर आधी बर्फच का नाही आणलास? ती म्हणाली, “जुळत नसेल तर आधी आपण काय भरलंय ते बघायचं. मग दुसऱ्याचं.” हे वाक्य मी पुढे तिच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलं.

पुढे मी इमारती सांभाळायच्या कामात शिरले आणि ती इमारती कॉम्प्युटरमध्ये बांधायच्या कामात. तिचं काम लोकांना समजावताना माझी नेहमी तारांबळ उडायची, म्हणून तिने मला एक सोपं उत्तर शिकवून ठेवलं होतं. एखादी ऑफिसची इमारत घ्यायची. तिच्या भिंती, काचा, कोणती काच पश्चिमेला, आत माणसं किती, दिवे किती, एसी किती वाजता चालू आणि किती वाजता बंद, हे सगळं कॉम्प्युटरमध्ये भरायचं. मग त्या खोट्या इमारतीवर अख्ख्या वर्षाचा ऊन-पाऊस सोडायचा आणि बघायचं, तिला गार ठेवायला वीज किती लागते. याला सिम्युलेशन म्हणतात. त्यात दोन रकाने असतात, कूलिंगचा आणि हीटिंगचा. थंड देशांत हीटिंगचा मोठा असतो. आपल्याकडे तो शून्य. “मुंबईत तो रकाना नुसता शोभेला,” असं ती म्हणायची.

हे काम संशयी माणसाचंच आहे, असं तिचं मत. मालक सांगतो एसी सातला बंद होतो, तर ती साडेआठला जाऊन बघणार. आर्किटेक्ट सांगतो काच भारीतली आहे, तर ती दुपारी त्या काचेला तळहात लावून उभी राहणार. कॉम्प्युटरमध्ये भरायला मुंबईचं हवामान तयार मिळतं, ते विमानतळाजवळ मोजलेलं. तिचा त्यावरही विश्वास नव्हता. एकदा गोरेगावहून आरेतून जाणाऱ्या बसमध्ये तिने ती डबी खिडकीबाहेर धरली होती. झाडी सुरू झाली तसा आकडा खाली उतरला. कंडक्टर तिच्यावर ओरडत होता, मॅडम हात आत घ्या, आणि ही मला आकडा दाखवत होती. मला तेव्हा लाजेने मेल्यासारखं झालं होतं. आता त्या रस्त्याने गेले की माझाच हात खिडकीकडे जातो.

तर अंधेरी. पूर्वेला मरोळच्या बाजूला एक नऊ मजली काचेची इमारत होती, तिची सगळी देखभाल माझ्याकडे. एसी, लिफ्ट, पाणी, सफाई, सगळं. बाई माणूस म्हणून मला ते पद देताना मालकांनी बराच विचार केला होता, आणि मिळाल्यावर मी ते दात-ओठ खाऊन सांभाळलं. सहाव्या मजल्यावर विम्याचे फॉर्म तपासणारी एक कंपनी होती. चाळीसेक बायका ओळीने बसायच्या आणि पश्चिमेच्या कोपऱ्यात त्यांच्या साहेबांची केबिन. त्या मजल्याचा थर्मोस्टॅट, म्हणजे एसीला किती गार करायचं ते सांगणारी भिंतीवरची पेटी, कोणत्या तरी शहाण्याने साहेबांच्या केबिनमध्ये बसवला होता. दुपारी पश्चिमेचं ऊन त्या केबिनच्या काचेवर आलं की पेटीला वाटायचं अख्खा मजला तापलाय, आणि एसी बाहेर बसलेल्या बायकांवर गार वारा ओतत राहायचा. मी साहेबांना तीनदा सांगितलं, पेटी बाहेर हलवू या. ते म्हणाले, “मला इथे बरं वाटतंय.” संपलं.

तिथे लोबो आंटी म्हणून एक होत्या, रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेल्या. त्यांची बोटं गारठून आखडायची. बोटं कापलेले लोकरी हातमोजे घालून त्या टाइप करायच्या. मला ते बघवेना. एक दिवस मी घरचा छोटा हीटर पिशवीत घालून नेला आणि त्यांच्या टेबलाखाली ठेवला. इमारतीत हीटर लावायला सक्त मनाई होती, आणि ती मनाई ज्या कागदावर होती त्यावर सही माझीच होती. आठवड्याने आणखी दोघींनी विचारलं. मग आणखी चौघींनी. कोणी स्वतःचा आणला, कोणाला मी मिळवून दिला. स्टोअरमधून एक्स्टेन्शन बोर्ड मीच सही करून काढले. शेवटी अकरा झाले. मी रोज संध्याकाळी मोजायचे, म्हणून आकडा पक्का लक्षात आहे. मुंबईत, मे महिन्यात, वरून एसी आणि खालून हीटर. हसू नका, मला त्यात काही चुकीचं वाटत नव्हतं.

त्याच सुमाराला मालकांना प्रश्न पडला की बिल्डिंग बांधताना हिशोब केला होता त्यापेक्षा वीज जास्त का जातेय. कोणाला तरी बोलवा, म्हणाले. आणि मी, मूर्खासारखी, हेमांगीचं नाव सुचवलं. मैत्रीण म्हणून सुचवलं, तिला काम मिळावं म्हणून सुचवलं. ती किती संशयी आहे हे माझ्यापेक्षा जास्त कोणाला माहीत होतं? पण माणूस आपल्या माणसाला गृहीतच धरतो. तीन आठवडे ती येत होती. इकडे डबी ठेव, तिकडे काचेला हात लाव, प्रत्येक मजल्याच्या वेगळ्या मीटरचे आकडे उतरव. मी तिला सहाव्या मजल्यावर एकटीला जाऊ दिलं नाही. गेली की मी बरोबर, आणि मी बरोबर असले की हीटर बंद आणि टेबलाखाली फाइली.

शेवटच्या दिवशी ती माझ्या केबिनमध्ये आली आणि दार लोटून बसली. बाकी आठ मजले जुळतायत, म्हणाली, माझं मॉडेल आणि तुझे मीटर, अगदी शहाण्या मुलांसारखे. फक्त सहावा जुळत नाही. मग तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

“मुंबईत हीटिंगचा रकाना शून्य असतो, सुनीता. तुझ्या सहाव्या मजल्यावर तो शून्य दिसत नाहीये मला.”

मी म्हटलं, “काहीतरी काय! चहाची मशीनं आहेत तिथे. चार-पाच. दिवसभर चालू असतात.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मी टेबलावरचं पेनस्टँड सरळ केलं. तीस वर्षांत मी तिला खोटं बोलले नव्हते असं नाही, पण कामाच्या आकड्यात कधीच नाही. “बराच चहा पितात,” एवढंच ती म्हणाली, आणि तिने तिची ती लांबडी वही काढून त्यात काहीतरी लिहिलं. प्रत्येक इमारतीसाठी तिची एक वही असायची. उठताना दाराशी थांबली आणि म्हणाली, “चहाची मशीनं असली तरी एका बोर्डावर दोन लावू नकोस.” मला ते धमकी दिल्यासारखं वाटलं. म्हणजे हिला कळलंय, आणि हिला कळलंय हे ती मला कळवतेय. त्या दिवसापासून माझं तिच्याबद्दलचं मन फिरलं.

पंधरा दिवसांनी सेफ्टीचे साहेब कोणालाही न सांगता थेट सहाव्या मजल्यावर गेले. टेबलाखालून अकरा हीटर निघाले. बाहेर काढून ओळीत मांडले, फोटो घेतले. लोबो आंटी रडत होत्या, मला माफ करा म्हणत होत्या. मला मेमो मिळाला आणि महिन्याभरात माझी बदली घाटकोपरच्या एका जुन्या मार्केटच्या बिल्डिंगमध्ये झाली, जिथे एसी म्हणजे दुकानदारांनी खिडकीत ठोकलेली खोकी. अंधेरीची केबिन रिकामी करताना मला फाइलींच्या कपाटामागे चिकटवलेली एक पांढरी डबी सापडली. तिची. माझ्या केबिनमध्ये, मला न सांगता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तिथूनच तिला फोन लावला.

“तूच सांगितलंस ना त्यांना?”

ती म्हणाली, “तुला काय वाटतं?”

“तूच. दुसऱ्या कोणाला कळणार होतं?”

“मग आधी आपण काय भरलंय ते बघ,” ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

या वाक्याने माझी जी काही आग झाली ती विचारू नका. मी संकटात आणि ही मला शिकवतेय! नुसतं ‘नाही’ म्हणाली असती तर? एक शब्द. पण नाही, हट्ट! तिच्यावर कोणी आरोप केला की ती उत्तर द्यायची नाही, तू तपासून बघ म्हणायची. जशी काही मी तिच्या हाताखाली शिकायला बसलेय. तिचं हे वागणं मी आजही माफ केलेलं नाही. ती डबी मी पुरावा म्हणून घरी आणली आणि कपाटात ठेवली. पुढची तीन वर्षं मी आठवून आठवून पुरावे गोळा करत होते. ती तेव्हा लिफ्टमध्ये मालकांच्या माणसाशी काय बोलत होती? मीटरच्या खोलीत एकटी वीस मिनिटं का होती? काही महिन्यांनी मला कळलं की सहाव्या मजल्यावरची ती पेटी साहेबांच्या केबिनमधून बाहेर हलवली आणि आता तिथे कोणी कुडकुडत नाही. मी म्हटलं, वा, माझा बळी दिल्यावर सुचलं त्यांना शहाणपण.

ती गेल्यावर पाच आठवड्यांनी तिचे मिस्टर दिलीपराव यांचा फोन आला. शांत माणूस, बँकेतून नुकतेच रिटायर झालेले. म्हणाले, सुनीताताई, हिच्या कामाच्या वह्या आवरतोय, एका वहीवर तुमच्या अंधेरीच्या बिल्डिंगचं नाव आहे, रद्दीत घालायला जीव होत नाही, नेता का? मी डबी पर्समध्ये टाकली आणि गेले. या खेपेला टॅक्सी परत फिरवली नाही. खरं सांगायचं तर मी त्यांना भेटायला गेलेच नव्हते. मी पुरावा बघायला गेले होते. वहीत लिहिलेलं असणारच, मला खात्री होती, कारण न लिहिता ती काही करायची नाही.

बोरीवलीचं घर तसंच होतं. खिडकीतून दूर नॅशनल पार्कची हिरवी कड, खिडकीशी तिची खुर्ची. खुर्चीवर दिलीपरावांनी घड्या घातलेले कपडे रचून ठेवले होते, म्हणजे तिथे कोणी बसू नये. फ्रिजवर एक डबी होती, ती अजून आकडे टिपत होती. “बंद कशी करतात ते मला माहीत नाही,” ते म्हणाले, “आणि करायचीही नाही.” त्यांनी मला एकदाही विचारलं नाही की तुम्ही त्या दिवशी का आला नाहीत. चहा केला, वही समोर ठेवली आणि गॅलरीतल्या झाडांना पाणी घालायला गेले.

वहीत तिने पानभर रेघा मारून चार रकाने आखलेले. काय, किती, कोणी सांगितलं, तपासलं का. प्रत्येक मजला, प्रत्येक काच, प्रत्येक दिवा. ‘कोणी सांगितलं’च्या खाली मालकांचा माणूस, आर्किटेक्ट, वॉचमन, अशी नावं, आणि ‘तपासलं’च्या खाली दर ओळीला तिची ती तिरकी बरोबरची खूण आणि बाजूला ‘स्वतः पाहिलं’, ‘हात लावून पाहिलं’, ‘दोनदा मोजलं’. माझी केबिनसुद्धा होती. तापमान, आणि पुढे: ‘डबी कपाटामागे. सुनीताला सांगितलं नाही, सांगितलं तर ती माझ्यासाठी एसी नीट करून ठेवेल.’ मला हसूच आलं, कारण मी नक्की तसंच केलं असतं. मग मी सहाव्या मजल्याचं पान काढलं. वरच्या दोन ओळी थर्मोस्टॅटच्या होत्या. पेटी चुकीच्या जागी, बाहेरच्या बायकांना थंडी, तातडीने हलवायची, रिपोर्टात पहिलं हेच लिहायचं. त्याच्या खाली लिहिलं होतं, ‘चहाची मशीनं’. किती? ‘अकरा.’

मी तिला चार-पाच म्हटलं होतं. अकरा हा आकडा मी कोणालाही सांगितला नव्हता.

वहीच्या मागच्या खणात रिपोर्टाची प्रत घडी करून ठेवली होती. मी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, मग परत वाचला. हीटर हा शब्द त्यात कुठेच नव्हता. सहाव्या मजल्यावर चहाची मशीनं जास्त आहेत, असं एक वाक्य होतं. ज्या बाईने दोन अंशांसाठी सरांशी वैर घेतलं, तिने आपल्या नावाच्या रिपोर्टात खोटं लिहिलं होतं. माझं खोटं. आणि माझ्यापेक्षा नीट, कारण माझ्या आकड्याने मीटर जुळला नसता.

मग सांगितलं कोणी? तिथे, तिच्या खुर्चीसमोर बसूनच मी अंधेरीच्या पवारकाकांना फोन लावला. ते तिथले जुने इलेक्ट्रिशियन, माझ्या हाताखाली सात वर्षं होते. तीन वर्षांत मी त्यांना हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता. विचारायची गरजच वाटली नव्हती, मला उत्तर माहीत होतं ना! मी विचारलं तर ते जरा गडबडले. म्हणाले, “मॅडम, ते मीच सांगितलं. एका बोर्डावर दोन लावलेले, प्लग वितळला होता. तुम्हाला दोनदा बोललो होतो मी. तुम्ही म्हणालात, बघते.”

मला आठवलं. म्हणजे तीन वर्षं आठवत नव्हतं, आणि त्या क्षणी लख्ख आठवलं. पवारकाका दारात उभे, मी फोनवर, हाताने थांबा म्हणून खूण केली, मग म्हटलं, बघते. दुसऱ्यांदा जिन्यात. तेव्हाही बघते. चाळीस बायका त्या मजल्यावर होत्या. काही झालं असतं तर मेमोवर भागलं नसतं. पवारकाकांनी वेळेत सांगितलं म्हणून आम्ही सगळ्या जिवंत आहोत, आणि हेमांगीने मला दाराशी थांबून तेच सांगितलं होतं. मी तिच्या लिफ्टमधल्या गप्पांवर संशय घेतला, मीटरच्या खोलीतल्या वीस मिनिटांवर संशय घेतला. सगळ्यांचं तपासलं, स्वतःचं तेवढं राहिलं. आणि तिला फोनवर मी विचारलं तेव्हा तिने मला उत्तर दिलंच होतं की. मला ते टोमणा वाटलं.

दिलीपराव आत आले तेव्हा मी रडत होते. त्यांना काय वाटलं असेल ते वाटलं असेल, त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मी त्यांना सगळं सांगितलं, टॅक्सी परत फिरवल्याचंसुद्धा. ते म्हणाले, ती इतक्यांदा म्हणायची की सुनीताला फोन करायला हवा. मी म्हणायचो, कर. तर म्हणायची, तिचं तपासून होऊ दे... मी डबी त्यांना परत दिली. त्यांनी ती फ्रिजवरच्या डबीशेजारी ठेवली.

वही आता माझ्याकडे आहे, मुलुंडला, माझ्या टेबलावर. सहाव्या मजल्याचं पान काढलं की ती ओळ समोर येते. चहाची मशीनं, अकरा. कोणी सांगितलं? ‘सुनीता.’ आणि शेवटचा रकाना, ज्यात बाकी दर ओळीला ती तिरकी खूण आहे, स्वतः पाहिलं आहे, हात लावून पाहिलं आहे. माझ्या नावापुढे खूण नाही. तिथे तिने लिहिलंय, ‘गरज नाही.’

काल मी पेन घेतलं आणि ‘चहाची मशीनं’ खोडून वर ‘हीटर’ असं लिहिलं. आकडा बरोबर होता, तो तसाच राहू दिला. माझ्या नावापुढे कालची तारीख घातली, कारण तिला खरं मी कालच सांगितलं. शेवटच्या रकान्यातलं तिचं अक्षर मात्र मी खोडलं नाही.